अकरा महिन्यांचा करार

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये रात्री साडेनऊला आम्ही सातजण एका ओळीभोवती बसलो होतो. ओळ होती, ‘अकरा महिन्यांचा करार आहे’. तीन आठवडे झाले तरी ती गिटारवर बसत नव्हती. मी कॉर्ड बदलून पाहिल्या, लय वाढवली, उतरवली. गाणाऱ्या मुलीनं दहा तऱ्हांनी म्हणून दाखवली. कानाला खटकायचं ते खटकायचंच. ओळीत चूक नव्हती, चालीतही दिसत नव्हती, आणि दोन्ही एकत्र आणली की मराठी माणूस मराठी विसरल्यासारखा ऐकू यायचा.

कोपऱ्यात हलगीवाले मामा हलगी शेकत बसले होते. ते म्हणाले, “पोरा, तू ‘आकरा’ म्हणतोयस. आकरा कोण म्हणतंय रं? एकदा नुसतं बोलून दाखव की.”

त्या रात्रीबद्दल पुढं सविस्तर लिहितो. पण आधी आम्ही तिथपर्यंत कसे आलो ते सांगायला हवं.

मी २०१३ ते २०१९ मुंबईत होतो. गिटार घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलो आणि गिटार घेऊनच परत आलो. अंधेरी पश्चिमेला वन रूम किचनमध्ये आम्ही पाचजण राहायचो. दोघं अभिनयासाठी आलेले, एक एडिटिंग शिकणारा, एक लिहिणारा आणि मी. लग्नातल्या ऑर्केस्ट्रात वाजवलं, मुलांचे क्लास घेतले, स्टुडिओच्या बाहेर बाकड्यावर तासन्‌तास बसलो. सहा वर्षांत सहा खोल्या बदलल्या. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा, भाडं वाढायचं, नाहीतर मालकाच्या पुतण्याचं लग्न ठरायचं आणि आम्हाला नवी खोली बघावी लागायची. त्या वर्षांत मी वेळ महिन्यांत मोजायला शिकलो. डिपॉझिट, दलाली, भाडं, मेस. गाणं या सगळ्यातून उरलेल्या वेळात.

परत आल्यावर काकांच्या वर्कशॉपमध्ये लागलो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा लेथ, ड्रिलिंग, फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगची तपासणी. संध्याकाळी नाटकाची तालीम. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारा आमचा एक हौशी संघ आहे. मी त्यात पार्श्वसंगीत द्यायचो. दिग्दर्शन करणाऱ्या बाई कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना सगळे बाईच म्हणतात.

जून २०२४ मध्ये बाईंनी आम्हाला ‘रेंट’ हे अमेरिकन रॉक संगीतनाटक दाखवलं. २००८ साली ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, शेवटच्या दिवसांत चित्रित केलेला प्रयोग त्यांच्या भाचीनं पाठवला होता. रंकाळ्याजवळच्या त्यांच्या घरी बारा-तेराजण दाटीवाटीनं बसून आम्ही तो बघितला. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधली पोरं. एक फिल्म बनवणारा, एक गिटार घेऊन एकच चांगलं गाणं सुचावं म्हणून बसलेला, एक नाचणारी. खोलीत हीटर नाही, भाडं थकलेलं, आणि ज्याच्याबरोबर आधी एकत्र राहिले तोच मित्र आता मालक होऊन भाडं मागतोय. त्यातल्या कितीतरी जणांना एड्स. गोळ्यांची वेळ झाली की त्यांच्या खिशातला बीपर वाजतो आणि मग गाणं, भांडण, प्रेम, जे काही चाललेलं असेल ते तिथंच थांबतं.

ते बीपर वाजले तेव्हा माझ्या घशात काहीतरी अडकलं. मुंबईतल्या आमच्या खोलीतला लिहिणारा मित्र एप्रिल २०२१ मध्ये कोरोनात गेला. शेवटी त्याला बघायलाही मिळालं नाही. बाईंच्या घरातून मी न जेवता उठलो आणि रंकाळ्याला दोन चकरा मारून घरी गेलो.

मग मी हे नाटक करणाऱ्या माणसाबद्दल वाचत सुटलो. जोनाथन लार्सन. संगीत, गीतं, संहिता, सगळं त्याचं. मॅनहॅटनमधल्या मूनडान्स डायनर नावाच्या खानावळीत तो जवळजवळ दहा वर्षं वेटरचं काम करत होता आणि उरलेल्या वेळात लिहीत होता. मूळ कल्पना बिली अरॉन्सन या नाटककाराची. पुच्चिनी या इटालियन संगीतकाराच्या ‘ला बोहेम’ या ऑपेरावरून आजच्या न्यूयॉर्कचं नाटक करायचं, अशी. दोघांनी मिळून सुरुवात केली, पुढं लार्सननं एकट्यानं ते पुढं नेलं. सात वर्षं लागली. २५ जानेवारी १९९६ च्या पहाटे तो घरीच कोसळला. हृदयातून निघणारी महाधमनी फाटली होती. आदल्या रात्री रंगीत तालीम झालेली, आणि लोकांसमोरचे प्रयोग आता सुरू होणार होते. वय ३५. त्या संध्याकाळी घरच्यांसमोर आणि मित्रांसमोर नटांनी नुसतं बसून गायचं ठरवलं होतं. पहिला अंक संपता संपता त्यांना बसवेना, ते उठून टेबलांवर चढले आणि पुढचं नाटक उभं राहूनच झालं. एप्रिलमध्ये ते ब्रॉडवेवर गेलं, पुलित्झर आणि टोनी ही मोठी पारितोषिकं मिळाली, आणि बारा वर्षांत ५,१२३ प्रयोग झाले. यातलं त्यानं काहीच पाहिलं नाही.

मला त्याच्या यशापेक्षा त्याची ती दहा वर्षं जवळची वाटली. ऑर्डर घेताना डोक्यात चाल चाललेली असणार. लेथवर जॉब लावल्यावर माझं तेच होतं.

पहिला विचार अर्थातच भाषांतराचा आला. बाईंनी तो तिथंच थांबवला. अशा नाटकाचे हक्क परवाना देणाऱ्या कंपनीकडे असतात, प्रयोगाची परवानगी वेगळी, भाषांतराची वेगळी, आणि शब्द बदलायची मोकळीक नसते. न विचारता करणं ही चोरी. बाईंचं आणखी एक म्हणणं होतं, ते मला जास्त पटलं. “लार्सननं पुच्चिनीचं भाषांतर केलं नाही. त्यानं विचारलं, त्या काळी पॅरिसमधल्या त्या पोरांना काय मारत होतं आणि माझ्या गल्लीतल्या पोरांना काय मारतंय. तुम्ही तेवढंच त्याच्याकडून घ्या.”

‘ला बोहेम’ पहिल्यांदा झालं १ फेब्रुवारी १८९६ ला, इटलीतल्या तुरिनला. ‘रेंट’ बरोबर शंभर वर्षांनी. ऑपेरातली नायिका मिमी क्षयानं जाते, ‘रेंट’मध्ये क्षयाच्या जागी एड्स आला. मेणबत्ती पेटवून घ्यायला शेजारीण दार ठोठावते तो प्रसंग दोन्हीकडे आहे. ‘रेंट’मधला गिटारवाला रॉजर आपलं गाणं शोधताना गिटारवर पुन्हापुन्हा जी सुरावट वाजवतो ती पुच्चिनीच्या ऑपेरातल्या मुझेत्ता या पात्राच्या वॉल्ट्झची, म्हणजे नाचाच्या लयीतल्या गाण्याची. गिटार वाजवणाऱ्या माणसाला हे कळलं की अंगावर काटा येतो. शंभर वर्षांपूर्वीची चाल तारेवर येते, आणि ते पोरगं तीच वाजवत बसतं, कारण स्वतःची अजून सापडलेली नाही.

तर आम्ही आमचं नाटक लिहायला घेतलं. कोल्हापूरकडची पाच पोरं, मुंबईत एक खोली, एक करार. जूनमध्ये सुरू होतो, एप्रिलअखेर संपतो. ‘रेंट’मधलं सगळ्यांना माहीत असलेलं गाणं वर्षाची मिनिटं मोजतं, ५,२५,६००. आमच्या लेखकानं पहिल्याच बैठकीत कागदावर हिशेब मांडला. तीस दिवसांचे अकरा महिने म्हणजे ४,७५,२०० मिनिटं. मग त्यानं तो आकडा खोडला आणि म्हणाला, “आपली पोरं मिनिटं मोजत न्हाईत. महिने मोजत्यात.” हा लेखक औषधाच्या दुकानात काम करतो आणि बिलाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितो.

कोण मरणार, यावर दीड महिना भांडलो. एकजण म्हणाला लोकलमधून पडून. दुसरी म्हणाली, कुणीच मरू नये, परत येणं हेच पुरेसं आहे. मी गप्प होतो. शेवटी बाईंनी मला विचारलं, तेव्हा मित्राचं सांगितलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ठरलं की नाटक २०२० च्या जूनला सुरू होईल आणि २०२१ च्या एप्रिलला संपेल.

लार्सननं एक गोष्ट केली होती ती आम्ही मनापासून घेतली. त्याच्या नाटकात आजारी माणसं गोल बसून एकमेकांना आपली नावं सांगतात, असा प्रसंग आहे. तिथली नावं त्याच्या स्वतःच्या, एड्सनं गेलेल्या मित्रमैत्रिणींची आहेत. आमच्या नाटकात शेवटी पाचजण खोली रिकामी करताना भिंतीवर लिहिलेली फोन नंबरांची यादी वाचतात. त्या यादीतलं एक नाव माझ्या मित्राचं आहे. इथं ते लिहीत नाही. प्रयोगात ते म्हटलं जातं तेवढं पुरे.

आता चालीकडे येतो.

माझी समजूत अशी होती की रॉकला इंग्रजीच लागते. मुंबईत सगळे असंच म्हणायचे आणि मीही मान डोलवायचो. इंग्रजी शब्दात एका अक्षरावर जोर असतो, ड्रमचा ठोका त्या जोरावर पडतो, आणि शब्द आपोआप उडी मारतो. मराठीत तसा जोर नाही. आपल्याकडे ऱ्हस्व आणि दीर्घ आहे, लघू आणि गुरू. ते शाळेत वृत्तं शिकताना घोकलेलं, पुढं कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. मी काय करत होतो, तर ‘अकरा’मधल्या ‘अ’वर जोर देत होतो, कारण ते पहिल्या ठोक्यावर येत होतं. जोर दिला की ‘अ’ लांबायचा आणि ‘आकरा’ व्हायचं. ‘दिवस’चं ‘दीवस’, ‘करार’चं ‘कारार’. ऐकणाऱ्याला नेमकं कळत नाही काय बिघडलंय, पण आपली भाषा कुणी परका बोलतोय असं वाटत राहतं.

हलगीवाले मामा खासबागच्या कुस्त्यांना वाजवतात. पैलवानानं पकड घेतली की कडकडाट, दोघं नुसते डोक्याला डोकं लावून फिरत असले की संथ. त्यांना मात्रा हा शब्द शिकवायची गरज नव्हती. मी ओळ बोलून दाखवली, आणि त्यांनी ती जशीच्या तशी हलगीवर वाजवली. अ-क-रा-म-हि-न्यां-चा. छोटी टिप्परी दोन, थापी एक. परत छोटी दोन, थापी एक. मी बोटांवर मोजलं. अ एक, क एक, रा दोन. म एक, हि एक, न्यां दोन. ठेका चार-चारचा धरला आणि प्रत्येक ठोक्याचे दोन अर्धे मोजले, तर स्नेअर, म्हणजे ड्रममधला कडक आवाजाचा छोटा ढोल, पडतो तिसऱ्या आणि सातव्या जागेवर. तिसऱ्यावर ‘रा’ येत होता. सातव्यावर ‘न्यां’ येत होता. दोन्ही गुरू. मी उगाच पहिल्या अक्षरावर झगडत होतो. मराठी आपणहून मागच्या ठोक्यावर, म्हणजे चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्यावर, जाऊन बसत होती, आणि रॉकचा जीव तर मागच्याच ठोक्यात असतो.

राहिला शेवट. ‘अकरा’च्या चार, ‘महिन्यांचा’च्या सहा, ‘करार’च्या चार, ‘आहे’च्या चार. अठरा. जागा सोळाच. दोन जास्त होत्या म्हणून मी सगळी ओळ दाबत होतो. लेखकाला म्हटलं, ‘आहे’ काढ. तो म्हणाला, वाक्य अर्धं राहील. मामा म्हणाले, “राहू दे की. करार म्हटल्यावर ‘आहे’ कशाला सांगाय पाहिजे?” काढलं. चौदा मात्रा झाल्या आणि शेवटी दोन मोकळ्या राहिल्या. त्या मोकळ्या जागेत एकटा स्नेअर पडायचा. दार बंद झाल्यासारखा.

रात्री साडेअकरा झाले होते. आम्ही ती ओळ तीसेक वेळा वाजवली. शेजारच्या गाळ्याचा वॉचमन येऊन दारात उभा राहिला आणि पाय आपटून ठेका धरायला लागला.

त्यानंतर गाणी भराभर झाली असं नाही, पण वाट कळली. प्रत्येक ओळ आधी बोलायची. नुसती नाही, ज्या पात्राच्या तोंडी आहे त्याच्यासारखी. मग हलगीवर. मग गिटार. ड्रम सगळ्यात शेवटी.

एक अडचण उरली होती. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण बोलताना गिळतो. ‘घर’ म्हणताना ‘र’ वर थांबतो. नाट्यपदात तो ‘अ’ परत आणतात, ‘घरऽऽ’ असा लांबवतात, आणि तिथं तो शोभतो, कारण गाणं आलापीकडे जाणार असतं. मळक्या टीशर्टमधलं पोरगं इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजावर ‘घरऽऽ’ म्हणायला लागलं की ते वेष बदलून आल्यासारखं वाटतं. म्हणून जिथं स्वर लांबवायचा तिथं शेवटी दीर्घ स्वर असलेले शब्द शोधायचे, असं ठरवलं. खोली, चावी, गादी, पायरी, पावती. लेखकाच्या पहिल्या खर्ड्यात ‘घर’ हा शब्द अकरा ठिकाणी होता. सगळीकडे ‘खोली’ केलं. केल्यावर लक्षात आलं की खरंही तेच होतं. मुंबईत आमच्यापैकी कुणीच घर म्हणत नव्हतं. “खोलीवर चाललोय,” असंच म्हणायचो. घर म्हणजे कोल्हापूर. मग एकच ‘घर’ ठेवलं, दुसऱ्या अंकात, आईचा फोन येतो तिथं, आणि ते गायचं नाही, बोलायचं.

मला कुणी विचारलं की कोल्हापुरात रॉक नाटक कशाला, तर मी गोविंदराव टेंब्यांचं नाव घेतो. ते आमच्याच मातीतले. १९११ साली ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या तेव्हा जुन्या साच्यातल्या पदांची सवय झालेल्या लोकांना त्यांनी गझल आणि ठुमरीच्या अंगानं जाणाऱ्या नव्या चाली ऐकवल्या. आज त्याच चालींना आपण परंपरा म्हणतो. आणि १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकादमीनं ‘तीन पैशाचा तमाशा’ केला तेव्हा लावणीच्या शेजारी गायक नंदू भेंड्यांचा रॉक गळा उभा होता. रस्ता आधीच घातलेला आहे. आम्ही त्यावर थोडं चाललो, इतकंच.

प्रयोग अर्थातच केशवराव भोसले नाट्यगृहात करायचा होता. लहानपणी पहिलं नाटक मी तिथंच बघितलं. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं पॅलेस थिएटर, नंतर केशवरावांचं नाव मिळालेलं. आमच्या वाचनाला नुकतीच सुरुवात झाली होती आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी रात्री तिथं गेलो. भवानी मंडपाच्या बाजूनं माणसं नुसती उभी होती, वयस्कर माणसं हुंदके देत होती. आमचे नेपथ्य करणारे पेंटर पंचवीस वर्षं त्या रंगमंचावर पडदे लावत आले होते. ते फूटपाथवर बसले आणि पहाटेपर्यंत उठले नाहीत. त्यांना घरी पोचवताना ते एवढंच म्हणाले, “विंगेतली तिसरी पायरी हालत होती. दुरुस्त करायची राहिली.”

त्यानंतर दोन महिने तालीम झालीच नाही.

शेडची कल्पना काकांची. त्यांच्या वर्कशॉपच्या मागं एक गाळा रिकामा होता, जुनी मशीनं विकून टाकलेली. ते म्हणाले, नवं मशीन जूनमध्ये येणार आहे, तोवर वापरा. भाडं नको, फक्त तेल सांडलेलं आहे तिथं पोरांना घसरू देऊ नका. आम्ही लाकडाचा भुसा टाकून फरशी घासली, दोन रविवार गेले. कूलंटचा वास शेवटपर्यंत गेला नाही. पेंटरांनी नेपथ्य म्हणून फक्त एक दार उभं केलं आणि खिळ्यांवर पाच चाव्या टांगल्या.

संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवणं, प्रमाणपत्र, पोलिसांची परवानगी, अग्निशामक सिलिंडर, हे सगळं बाईंनी आणि त्यांच्या भाच्यानं केलं. नाट्यगृहाच्या आगीनंतर सिलिंडरच्या बाबतीत कुणी हयगय केली नाही. खर्च ८२,००० झाला, त्यातले निम्मे साउंडचे. तिकीट दीडशे रुपये. ‘रेंट’च्या लोकांनी ब्रॉडवेवर पुढच्या दोन रांगा २० डॉलरला ठेवल्या होत्या, त्याच दिवशी रांग लावणाऱ्यांसाठी, कारण ज्या पोरांची ती गोष्ट त्यांनाच तिकीट परवडत नव्हतं. आम्ही पुढच्या दोन सतरंज्या वीस रुपयांना ठेवल्या.

प्रयोगाला पंधरा दिवस असताना नाटकात खोलीमालकाची भूमिका करणारा मुलगा पुण्याला नोकरी लागून गेला. त्याच्या जागी लेखक उभा राहिला.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीन प्रयोग केले, रात्री आठला, वळीव येऊ नये म्हणून देवाला हात जोडत, कारण पत्र्यावर पाऊस पडला असता तर काहीच ऐकू आलं नसतं. पाऊस आला नाही. तरीही पहिल्या प्रयोगात काहीच ऐकू आलं नाही.

दोष पूर्णपणे माझा होता. रिकाम्या शेडमध्ये आम्ही महिनोन्‌महिने वाजवत होतो, आवाज घुमायचा तो आम्हाला भारदस्त वाटायचा. माणसं भरली की घुमणं कमी होईल असं मी गृहीत धरलं. थोडं झालंही. पण पत्रा आणि सिमेंटची भिंत ड्रमचा प्रत्येक ठोका परत फेकत होती, अँप्लिफायर थेट लोकांच्या छातीवर रोखलेले, आणि गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून ती ओरडायला लागली. गायिकेसमोरचा मॉनिटर स्पीकर वाढवला तर माइक शिट्टी मारायला लागला. टाळ्या जोरात झाल्या. लोक उठताना एक आजोबा माझ्याजवळ आले, संगीत नाटकाची मोठी आवड असलेले दिसत होते, आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, “वाजलं झकास, बाळ. पण पोरं काय म्हणत होती?”

ज्या एकेका मात्रेसाठी आम्ही रात्री जागवल्या ती एकही त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. मी त्या रात्री झोपलो नाही.

सकाळी सहाला मामा, पेंटर आणि मी शेडवर होतो. ओळखीच्या मंडपवाल्याकडून जाड कनाती आणि साठ सतरंज्या आणल्या. भिंतींवर आणि मागं पत्र्याखाली त्या दोरीनं बांधून सोडल्या. फौंड्रीतून वाळूची पोती आणून ड्रमभोवती छातीएवढी भिंत रचली. अँप्लिफायर लोकांकडून फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवले. स्नेअरवर पातळ रुमाल टाकला. आणि पहिल्या अंकातल्या तीन गाण्यांतून मी ड्रम काढूनच टाकला. तिथं फक्त हलगी आणि एक गिटार. ड्रमरला वाईट वाटलं, पण त्यानंच पुढं होऊन मामांसाठी खुर्ची मांडली.

मग बाईंना सगळ्यात मागच्या रांगेत बसवलं आणि प्रत्येक गाणं वाजवलं. त्यांच्या हातात कागद, पेन्सिल. जो शब्द कळला नाही तिथं त्या हात वर करायच्या आणि आम्ही थांबायचो. पहिल्या गाण्याला नऊ वेळा हात वर गेला. दुपारी तीनपर्यंत शेवटचं गाणं झालं तेव्हा बाईंनी फक्त कागदाची घडी घातली.

दुसऱ्या प्रयोगात ‘अकरा महिन्यांचा करार’ हे गाणं सुरू झालं आणि ओळीनंतरच्या मोकळ्या जागेत, एकट्या स्नेअरच्या आधी, सतरंजीवरच्या पोरांपैकी कुणीतरी “आईशप्पथ” म्हणालं. ते मला गिटारच्या जागेवरून स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे शेडमध्ये आता एकेक शब्द ऐकू येत होता.

तिसऱ्या प्रयोगाला मित्राचे आईवडील आले होते. मी बोलावलं होतं, येतील असं वाटलं नव्हतं. यादी वाचायचा प्रसंग आला तेव्हा मी गिटारकडे बघत राहिलो. नाव म्हटलं गेलं. प्रयोग संपल्यावर काकू रंगमंचावर आल्या, खिळ्यांवरच्या पाच चाव्यांपाशी थांबल्या आणि विचारलं, “त्याची कुठली?” पेंटरांनी चौथी चावी काढून त्यांच्या हातात दिली. ती आता त्यांच्याकडे आहे.

जूनमध्ये शेड रिकामी केली, मशीन आलं. आमची गायिका, कागलची, जेमतेम बावीस वर्षांची, त्याच महिन्यात मुंबईला गेली. मी तिला अडवलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. करार हातात आल्यावर मात्र तिनं फोन केला आणि आम्ही तासभर बोललो. करार नोंदवलेला आहे का बघ, महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावा लागतो. डिपॉझिट किती आणि कधी परत देणार ते लिहून घे. लॉक-इन, म्हणजे करार मधेच मोडता न येण्याची मुदत, किती महिन्यांचं ते वाच. ताबा घेताना भिंतींचे, नळांचे फोटो काढून ठेव. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

महिन्याभरानं रात्री तिचा फोन आला. मागं लोकलचा आवाज येत होता. “दादा, ऐक,” म्हणाली आणि गुणगुणायला लागली. ‘दहा महिन्यांचा करार’. मी आपसूक मांडीवर ठेका धरला. ‘अकरा’च्या चार मात्रा, ‘दहा’च्या तीनच. एक कमी पडायला हवी होती. पण ‘हा’ बरोबर मागच्या ठोक्यावर आला, कारण तिनं ती मात्रा आधी सोडली होती. तेवढ्यात ती श्वास घेत होती.